नाकातला फुटाणा

निशाची सेटची परीक्षा रविवारी होती आणि केंद्र आलं होतं छावणीत. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून तिला बरीच वर्षं झाली होती. कायम व्हायचं तर ही परीक्षा पास होणं भाग होतं. याआधी दोनदा तिनं अभ्यास केला, हॉलतिकीट काढलं आणि दोन्ही वेळा ती गेलीच नाही. एकदा थोरल्या श्रेयाला ताप होता, एकदा धाकट्या यशूला.

या वेळी मात्र राजकुमार घरात होता.

राजकुमार म्हणजे तिचा नवरा. गेली अडीच वर्षं तो गुजरातेत, साणंदच्या एका कारखान्यात होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, कपडे धुऊन वाळेपर्यंत राहायचा आणि परत जायचा. तो पहिल्यांदा गेला तेव्हा धाकटी यशोधरा नुकती मान धरायला लागली होती. ती पालथी पडली, बसली, रांगली, भिंतीला धरून उभी राहिली, ते सगळं त्यानं मोबाइलवर पाहिलं. आता शेंद्र्याच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली आणि महिन्यापूर्वी तो कायमचा परत आला. सहा वर्षांची श्रेया पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडली. यशू नाही पडली. यशूच्या लेखी पप्पा मोबाइलमध्ये राहत होते. संध्याकाळ झाली की ती निशाचा फोन उचलून आणायची आणि सोफ्यावर बसलेल्या राजकुमारच्याच हातात द्यायची.

"पप्पा लाव," म्हणायची.

"अगं, मीच पप्पा."

ती त्याच्याकडं बघायची, मग फोनकडं बघायची आणि फोन घेऊन आईकडं निघून जायची.

राजकुमारची आई मनकर्णाबाई एरवी त्यांच्यासोबत गारखेड्यातच असायची. पण तिच्या भाचीचं लग्न नेमकं त्याच रविवारी फुलंब्रीला निघालं. "मी नाय जात लग्नाला," ती म्हणाली होती. राजकुमारनंच तिला जायला लावलं. "जा माय तू. मी हाय ना. दोन पोरी सांभाळायला काय लागतंय?"

निशा आणि मनकर्णाबाईनं एकमेकींकडं पाहिलं.

रविवारी सकाळी निशा स्कूटीची किल्ली हातात घेऊन दारात उभी होती तरी तिच्या सूचना संपत नव्हत्या.

"अहो, यशूला डायपर घालू नका. आत्ता कुठं सुटलाय, परत सवय नको. थोड्या थोड्या वेळानं विचारत जा. ती सांगते, पण अगदी ऐनवेळी सांगते."

"बरं."

"दुपारी वरणभात. पोळी दिली तर गुळासोबत द्या. झोप आली की कान ओढते."

"कुणाचा?"

"स्वतःचा. आणि माझा फोन बंद असणारे. आत नेऊच देत नाहीत."

"निशा, जा तू. पेपरकडं लक्ष दे."

लपून निघून जाणं निशाला पटत नसे. ती यशूसमोर खाली बसली. "मम्मी पेपर देऊन येते. तोवर पप्पांजवळ थांबायचं," म्हणाली आणि तिचा पापा घेऊन निघाली. यशूनं स्कूटीचा आवाज ऐकला आणि असा भोंगा पसरला, की समोरच्या फ्लॅटमधल्या वच्छलाबाईंनी दार उघडून बघितलं.

"काय झालं हो?"

"काय नाय काकू, मम्मी गेली म्हणून."

"मंग बाहेर न्या जरा तिला," म्हणून त्यांनी दार लावलं.

राजकुमारनं तिला उचलायला हात पुढं केले, तर ती चपलांच्या स्टँडला जाऊन चिकटली. बिस्किट दाखवलं, ते तिनं फेकलं. शेवटी त्यानं फोनवर कार्टून लावलं, तर फोनमध्ये आज पप्पा नाहीत म्हणून ती आणखीनच रडायला लागली.

श्रेया हे सगळं मांडी घालून बघत होती. "पप्पा, वच्छलाआजी बरोबर बोलल्या. बाहेर नेलं की ती गप होते."

"बाहेर कुठं?"

"सिद्धार्थ गार्डन," श्रेया लगेच म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं की त्यात यशूपेक्षा श्रेयाचीच सोय जास्त आहे हे राजकुमारच्या ध्यानात आलं. पण त्याच्याकडं दुसरा इलाजही नव्हता.

त्यानं पाण्याची बाटली, यशूचे दोन फ्रॉक, चड्ड्या, टॉवेल असं सगळं एका पिशवीत कोंबलं. डायपरच्या पाकिटाकडं त्याचा हात गेला होता. श्रेयानं नुसतं "पप्पा" म्हटलं आणि त्यानं तो मागं घेतला.

रिक्षात बसल्यावर यशू खरंच गप झाली. बसली मात्र श्रेयाच्या पलीकडं, त्याच्यापासून जमेल तेवढी लांब.

रविवार असल्यानं बागेत गर्दी होती. गेटवर फुटाणेवाला बसला होता. त्याच्याकडून एक पुडी घेतली आणि तिघं आत, बागेतल्या प्राणिसंग्रहालयात गेले. पांढरा वाघ पाठ करून झोपला होता. सापांना श्रेयानं नावं दिली, हा शाळेतला सर, ही त्याची बायको. माकडांपुढं यशू बराच वेळ उभी राहिली. तिथून निघताना तिनं श्रेयाचा फ्रॉक ओढला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

"पप्पा!" श्रेया ओरडली. "तिला सुसू आली!"

राजकुमारला आता बायकांच्या स्वच्छतागृहात जाता येईना, आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात दोन पोरींना नेण्याची त्याची हिंमत होईना. तो दारापाशी घुटमळला. रांगेतल्या एका बाईनं त्याची अवस्था ओळखली. "पाठवा आत, मी बघते," म्हणून तिनं पोरींना पुढं घेतलं. राजकुमार पिशवी पोटाशी धरून बाहेर उभा राहिला. कारखान्यात नवीन मशीन पहिल्यांदा चालू करताना जसं व्हायचं तसं त्याला व्हायला लागलं. तेवढ्यात आतून श्रेयाची आरोळी आली.

"झालीऽऽ! चड्डी कोरडी आहे!"

रांगेतल्या बायका हसल्या. यशू बाहेर आली ती ऐटीत. घराबाहेर, डायपरशिवाय, पहिल्यांदा. राजकुमारनं निशाला फोन लावायला खिशात हात घातला आणि मग त्याला आठवलं, तो बंद आहे.

हिरवळीवर सावली बघून त्यानं टॉवेल अंथरला. फुटाण्याची पुडी मध्ये सोडून ठेवली. श्रेया मूठ मूठ खायला लागली. यशू एकेक फुटाणा उचलून, बघून, साल काढता येते का ते तपासून तोंडात टाकत होती.

"हत्ती?" तिनं मध्येच विचारलं. तिच्या चित्रांच्या पुस्तकात हत्ती होता आणि बागेत आल्यावर तो दिसणार असा तिचा समज होता.

"हत्ती नाहीत बाळा आता इथं. मी छोटा होतो ना, तेव्हा होते."

यशूचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. महिन्याभरात राजकुमारला तेवढं एक कळलं होतं की हा ओठ बाहेर आला की पुढं काय होतं. त्यानं घाईनं उजवा हात नाकासमोर धरला, डावा हात त्याखालून काढला आणि सोंड हलवायला लागला.

"हा बघ हत्ती! हत्तीला लागली भूक. हत्तीनं सोंडेनं काय उचललं? फुटाणा! आणि फुर्रर्र करून नाकात घातला!"

फुटाणा त्यानं नाकाशी नेला आणि झटकन तोंडात टाकला. ओठ आत गेला. यशू टक लावून बघत होती. त्यानं पुन्हा केलं, या वेळी फुर्रर्र जास्त मोठं. आणि यशू हसली. आधी नुसती गालात, मग पोट धरून, मागं कलंडून, खळखळून.

"पुन्ना," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा केलं. किती वेळा केलं त्याचं त्यालाच कळलं नाही. शेजारी डबा खात बसलेलं कुटुंबही बघायला लागलं होतं, पण त्याला त्याची लाज वाटली नाही. पोर त्याच्याकडं बघून हसत होती. हे निशाला दाखवायला पाहिजे, असं मनात येऊन त्यानं व्हिडिओ काढायला फोन उघडला. कॅमेरा शोधायला लागला तेवढाच वेळ त्याची नजर खाली होती. वर बघितलं तर यशूचं बोट नाकाला लागलेलं.

"यशू हत्ती," ती म्हणाली.

श्रेया खाता खाता थांबली. "पप्पा, तिनं खरंच आत घातला."

"काय घातलं?"

"फुटाणा. नाकात."

राजकुमारला आधी वाटलं, श्रेया चेष्टा करतेय. त्यानं यशूची हनुवटी वर करून पाहिलं. उजव्या नाकपुडीत आत काहीतरी पिवळसर दिसत होतं.

"यशू, फू कर. जोरात शिंकर बाळा. फू!"

यशूला शिंकरता येत नव्हतं. तिनं जोरात श्वास आत ओढला आणि पिवळसर दिसणारं दिसेनासं झालं.

आता ती रडायला लागली. तिला दुखतंय की तो घाबरलाय म्हणून ती घाबरलीय, ते काही कळेना. शेजारी डबा खाणाऱ्या कुटुंबातले काका उठून आले. "तपकीर हुंगवा, शिंक आली की निघतंय," म्हणाले. त्यांच्यामागून आलेली एक मुलगी केसातला आकडा काढून म्हणाली, "मी काढू का?" राजकुमारनं स्वतःचं बोट पुढं केलं होतं तेवढ्यात बुरख्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याचा हातच धरला.

"अरे भाई, उंगली मत डालो. और अंदर जाता वो. डॉक्टर कने लेके जाव, जल्दी."

त्यानं निशाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग आईला लावला. तिकडं लग्नातला बँड जोरात वाजत होता.

"माय, यशूच्या नाकात फुटाणा गेलाय!"

"काय? फुटाणे? आणते की! किती आणू?"

"आणू नको! नाकात! गेलाय!"

"व्हय, सगळे जेवले रे! तुमी जेवले का?"

त्यानं फोन ठेवला. यशूला उचललं, श्रेयाचा हात धरला आणि गेटकडं निघाला. यशू अंग टाकत होती, पाठीमागं झुकत होती, "मम्मी, मम्मी" करत होती. टॉवेल तिथंच राहिला.

"रविवारी कोण डॉक्टर बसतंय?" त्यानं पहिल्या रिक्षावाल्याला विचारलं.

"बच्चोंका एक है ना औरंगपुऱ्यात. मॅडम बसते दुपारपर्यंत. बैठो."

मिल कॉर्नरवरून जाताना सिग्नल लागला. राजकुमार मांडीवरच्या यशूच्या छातीवर हात ठेवून बसला होता. श्वास चालू आहे, तोंडानं चालू आहे, हे पुन्हा पुन्हा बघत होता. अडीच वर्षं निशानं पोरींना सांभाळलं. ताप, खोकला, दात, सगळं. आणि त्याच्याकडं एक सकाळ दिली तर हे. तो आता पेपर लिहिणाऱ्या निशाला काय सांगणार होता?

"पप्पा," श्रेयानं हळूच विचारलं, "फुटाणा डोक्यात जातो का?"

"नाही जात."

"तुम्हाला पक्कं माहितीये?"

त्याला पक्कं माहीत नव्हतं. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "नै जाता बेटा. मेरे लडकेने मोती डाला था. निकल गया." राजकुमारला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

दवाखान्यात दोनच पेशंट होते आणि त्यांनी यशूचा आवाज ऐकून आपण होऊन वाट दिली. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी राजकुमारला यशूला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं आणि बॅटरीनं नाकात बघायचा प्रयत्न केला. यशूनं मान अशी गदागदा हलवली की बॅटरी बाजूला उडाली.

"आहे आत," डॉक्टर म्हणाल्या. "फार लांब नाही. पण फुटाणा ओलाव्यानं फुगतो, म्हणून वेळ घालवून चालणार नाही. आणि ही अशी मान हलवतेय तर मी चिमटा घालणार नाही. लागेल तिला."

"मग?"

"मग कानानाकाच्या डॉक्टरांकडं पाठवावं लागेल, ते भूल देऊन काढतील. पण त्याआधी एक साधा उपाय करून बघू. बहुतेक वेळा त्यानंच निघतं. तो आईनं करायचा असतो. आई कुठं आहे?"

"परीक्षेला."

"मग तुम्ही करा."

उपाय खरंच साधा होता. मुलाचं तोंड उघडायचं. पापा घ्यायचा म्हणून त्यावर आपलं तोंड घट्ट लावायचं. मोकळी नाकपुडी बोटानं दाबून धरायची आणि एक फुंकर मारायची, छोटी पण जोरकस. हवा मागून जाते आणि अडकलेली वस्तू पुढं ढकलते.

"डॉक्टर," राजकुमार म्हणाला. "ही माझ्याकडं येत नाही. मी दोन-अडीच वर्षं बाहेर होतो. ती मला ओळखत नाही नीट. पापा तर लांबच."

डॉक्टरांनी त्याच्याकडं क्षणभर बघितलं. "बघा प्रयत्न करून. जबरदस्ती मात्र नको. रडत असताना फुंकर नाही मारायची, ती श्वास आत ओढेल. आधी शांत होऊ दे."

त्यानं प्रयत्न केला. तोंड जवळ नेलं की यशू ओठ गच्च मिटून मान फिरवायची. "यशू, पप्पाला पापा दे ना." नाही. "चॉकलेट देतो." नाही. तिनं त्याच्या गालावर एक चापट मारली. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं आणि टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढला. भूल. एवढ्याशा पोरीला भूल, आणि निशा तिकडं.

तेव्हा श्रेया खुर्चीवरून उतरली. डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं अगदी नीट ऐकलं होतं.

"पप्पा, आधी मला करा."

"श्रेया, खेळ नाहीये हा."

"करा तर खरं. मला बघायचंय."

राजकुमारनं डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. तो यशूला खाली ठेवून जमिनीवरच बसला. श्रेया समोर येऊन उभी राहिली, तोंडाचा आ केला. त्यानं तिची एक नाकपुडी दाबली, तोंडावर तोंड ठेवून अगदी हलकी फुंकर मारली. हवा नाकातून फस्सकन बाहेर आली आणि श्रेया खिदळत खाली बसली.

"गुदगुल्या होतात! परत!"

त्यानं परत केलं. श्रेया आणखी जोरात हसली, थोडी उगाचच. यशूचं रडणं थांबलं होतं. हुंदके देत देत ती बघत होती. श्रेयाला काहीतरी मिळतंय आणि आपल्याला नाही, हे तिला कधीच सहन होत नसे. मग तो लाडू असो की मार.

"परत!" श्रेया म्हणाली.

"नाई!" यशू पुढं आली आणि तिनं बहिणीला दोन्ही हातांनी ढकललं. "यशू! यशूला!"

आणि ती राजकुमारसमोर उभी राहिली, डोळे मिटून, घरट्यातल्या पिल्लासारखा हा एवढा आ करून.

राजकुमारनं डावी नाकपुडी दाबली. डॉक्टर त्याच्यामागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "घट्ट लावा तोंड. आता मारा," त्या हळूच म्हणाल्या. त्यानं फुंकर मारली. काहीच झालं नाही. यशूनं एक डोळा उघडून पाहिलं.

"पुन्ना," ती म्हणाली.

"या वेळी जोरात," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं छाती भरून घेतली आणि फुंकर मारली. त्याच्या गालावर टप्पकन काहीतरी ओलं येऊन आदळलं आणि खाली फरशीवर पडलं.

"निघाला!" श्रेया किंचाळली. "डॉक्टरमॅडम, निघाला!"

फरशीवर फुटाणा पडला होता, फुगलेला, शेंबडानं माखलेला. राजकुमार त्याच्याकडं बघतच राहिला. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि गाल पुसायचं भान त्याला नव्हतं.

"थांबा, नाचू नका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी फुटाणा चिमट्यानं उचलून उजेडात धरला. "हा अर्धाच आहे. एक डाळ अजून आत असणार."

राजकुमारचा चेहरा पडला. पण यशूला हा खेळ आता पक्का कळला होता. तिनं स्वतःच त्याचं बोट धरून आपल्या नाकपुडीवर ठेवलं आणि आ केला. एका फुंकरीत राहिलेली डाळ बाहेर आली, साल त्यामागोमाग.

मग डॉक्टरांनी बॅटरी घेतली. यशूनं आता मान हलवली नाही, राजकुमारच्या शर्टाचं बटण मुठीत धरून बसून राहिली. दोन्ही नाकपुड्या बघून झाल्या, खबरदारी म्हणून दोन्ही कानही.

"स्वच्छ आहे सगळं. काही औषध नको. नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, पण सर्दी एकाच बाजूनं वाहायला लागली तर घेऊन या." मग त्या श्रेयाकडं वळल्या. "तुझं नाव काय गं?"

"श्रेया."

"हुशार आहेस."

श्रेयानं ते मान्य असल्यासारखी मान हलवली.

दवाखान्याच्या पायरीवर तिघं बसले. रस्त्यावर ऊन होतं, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. राजकुमारनं तीन ग्लास सांगितले. त्याला इतकी तहान लागली होती हे त्याला आत्ता कळलं. यशूनं स्वतःचा अर्धा ग्लास संपवला, मग त्याच्या ग्लासात तोंड घातलं. तो काही बोलला नाही. रस पिताना तिचा श्वास नाकातून सुरळीत चाललाय का, तेवढंच तो ऐकत राहिला.

फोन वाजला. निशा होती. पेपर सुटला होता आणि तिनं फोन चालू करताच त्याचे मिस्ड कॉल पाहिले होते.

"सगळं ठीक आहे," तो आधी म्हणाला. "आधी हे ऐक. सगळं ठीक आहे, दोघी रस पितायत."

"काय झालं होतं?"

त्यानं सांगितलं.

"यशूला द्या फोन."

यशूनं फोन कानाला लावला. "मम्मी, नाक हत्ती. पप्पा फू," म्हणाली आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं असं समजून फोन परत रसाच्या ग्लासाशेजारी ठेवून दिला.

निशा घरी पोचली तेव्हा ते तिघं नुकतेच आले होते. पर्स, हॉलतिकीट सगळं दारातच टाकून ती यशूकडं गेली. यशूही तिला बघताच राजकुमारच्या कडेवरून अशी झेपावली की त्याला सावरावं लागलं. निशानं तिला खिडकीपाशी नेलं, मान मागं करून नाक तपासलं, कपाळ चाचपलं, पुन्हा नाक तपासलं. राजकुमार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बोलणी खायची त्याची तयारी होती. बागेतल्या हत्तीचं त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. फुटाणा नाकात घालायला मीच शिकवलं, म्हणाला.

निशा वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला हसू आवरत नव्हतं.

"तुम्ही सोंड केली? बागेत? सगळ्यांसमोर?"

"मग काय करू? हत्तीच नव्हता तिथं."

ती हसत हसत खुर्चीत बसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "श्रेयानं मटार घातला होता," ती म्हणाली. "यशूहून जराशी मोठी होती तेव्हा. तुम्ही नुकतेच साणंदला गेला होतात."

"कुणी काढला?"

"घाटीत नेलं, सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी काढला. यशू पाठीशी बांधलेली, आणि श्रेयाचे हात मी धरलेले."

"मला नाही सांगितलंस."

"सांगून काय झालं असतं? तिकडं तुम्ही जेवला नसता, एवढंच."

राजकुमार तिच्यासमोर खाली बसला. श्रेया आतल्या खोलीत वच्छलाबाईंच्या नातीला बोलावून बाहुलीला फुंकरीनं कसं बरं करायचं ते शिकवत होती. यशू आईच्या मांडीवर स्वतःचा कान ओढत पेंगायला लागली होती.

"पेपर कसा गेला?" त्याला एकदम आठवलं.

"बरा गेला." निशा थोडी थांबली. "खरं सांगू? दुसऱ्या पेपरात एकदाही पोरींची आठवण झाली नाही मला. नुसते प्रश्न वाचत होते, उत्तरांचे गोल भरत होते. बाहेर आल्यावर लक्षात आलं, आपल्याला दोन लेकरं आहेत." तिनं यशूच्या केसांवरून हात फिरवला. "आणि तिकडं हे चालू होतं."

"बरं झालं आठवण नाही झाली."

"व्हय," ती म्हणाली. "बरंच झालं."

त्यानं उठून वरणभात गरम केला. दोन ताटं वाढून आणली, एक तिच्यासमोर ठेवलं. यशूला त्यानं उचलून आत पलंगावर टाकलं. ती कुशीवर वळली, पण उठली नाही.

"अजून काय काय सांगितलं नाहीस?" जेवताना त्यानं विचारलं.

निशानं घास थांबवून त्याच्याकडं पाहिलं. तो चेष्टेनं विचारत नव्हता.

"पुष्कळ आहे," ती म्हणाली. "श्रेया एकदा गच्चीवर कोंडली गेली होती. ते सांगू, की यशूनं माझं मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात टाकलं होतं ते?"

"दोन्ही सांग. गच्चीचं आधी."

निशानं पाय वर घेतले, ताट मांडीवर ओढलं आणि सांगायला लागली. वरणभात निवला तरी दोघांचं तिकडं लक्ष नव्हतं.